विश्लेषण : घर चालवणारा मुलगा किडा होतो तेव्हा… काफ्काच्या ‘मेटामॉर्फोसिस’मागे कोणते घर होते?

सरकारी कार्यालयात एखादी फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली, की इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘काफ्काएस्क’ हा शब्द हटकून येतो. त्यामुळे फ्रान्झ काफ्का म्हणजे कोर्ट, कचेऱ्या आणि न संपणारे हेलपाटे असे समीकरण होऊन बसले आहे. पण त्याची सर्वाधिक वाचली गेलेली गोष्ट कचेरीत घडतच नाही. ती घडते एका फ्लॅटमध्ये, आई, वडील आणि धाकटी बहीण यांच्यात. १९१२ च्या शेवटी लिहिलेल्या या गोष्टीत घरातला एकुलता एक कमावता मुलगा सकाळी जागा होतो, तो किडा होऊन. पहिली चिंता त्याला स्वतःच्या शरीराची वाटत नाही, तर पहाटेची गाडी चुकली याची वाटते.

ही गोष्ट लिहिणारा माणूस तेव्हा २९ वर्षांचा होता. चांगली नोकरी होती, लग्न झालेले नव्हते आणि तो आई-वडिलांच्याच घरात राहत होता. ती लिहायला घेण्याच्या जेमतेम सहा आठवडे आधी त्या घरात एक भांडण झाले होते. त्या भांडणाचा विषय होता एक कारखाना.

गोष्ट काय आहे?

ग्रेगोर साम्सा हा कापडाच्या कंपनीचा फिरता विक्रेता. वडिलांचा धंदा बुडालेला. त्यांचे कर्ज ग्रेगोरच्या मालकाकडेच आहे, ते फेडायला अजून पाच-सहा वर्षे लागणार. तोवर नोकरी सोडता येत नाही. बहीण ग्रेटा व्हायोलिन वाजवते, तिला संगीत विद्यालयात पाठवायचे त्याच्या मनात आहे, पण हे त्याने अजून कोणाला सांगितलेले नाही.

तो किडा झाल्यावर घर हादरते. सुरुवातीला बहीण त्याला खायला देते, खोली झाडते. हळूहळू कळते, की वडिलांनी थोडे पैसे बाजूला ठेवले होते. त्यात ग्रेगोरने दरमहा घरात दिलेल्या पैशांतले उरलेलेही होते. म्हणजे कर्ज थोडे लवकर फिटले असते. ग्रेगोरला याचा राग येत नाही, उलट वडिलांच्या दूरदृष्टीचे समाधान वाटते. काफ्काचा विनोद हा असा असतो, वाचताना हसू येते आणि लगेच ते गिळावे लागते.

मग सगळेच कामाला लागतात. वडील बँकेत शिपाई होतात, आई शिवणकाम करते, बहीण दुकानात नोकरी धरते. एक दिवस वडील ग्रेगोरला सफरचंद फेकून मारतात, ते त्याच्या पाठीत रुतते आणि तिथेच सडते. शेवटी त्याला घालवून द्यायला हवे असे पहिल्यांदा तोंडाने बोलते ती बहीण. त्याच रात्री तो मरतो. दुसऱ्या दिवशी घरचे तिघे सुट्टी काढून ट्रामने शहराबाहेर फिरायला जातात, आणि आई-वडिलांच्या लक्षात येते की मुलगी आता लग्नाची झाली.

वडील कोण होते?

काफ्काचा जन्म ३ जुलै १८८३ चा, प्रागमधला. हे शहर तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होते. कुटुंब ज्यू, घरात जर्मन, आजूबाजूला चेक. वडील हरमान काफ्का ओसेक नावाच्या खेड्यातल्या खाटकाचा मुलगा. लहानपणी थंडीवाऱ्यात हातगाडीवरून गावोगाव मांस पोहोचवायचे काम त्यांनी केले होते. कोवळ्या वयातच घर सोडले, फेरीवाल्याचा धंदा केला, सैन्यात राहून आले आणि प्रागमध्ये दुकान थाटले. हातमोजे, छत्र्या, फिरायच्या काठ्या असा माल तिथे मिळे. दुकानाच्या बोधचिन्हावर कावळ्याच्या जातीतला एक छोटा पक्षी होता. चेक भाषेत त्या पक्ष्याचे नाव आणि ‘काफ्का’ यांचा उच्चार जवळपास एकच आहे.

आई युली अधिक सुस्थितीतल्या घरातली. दिवसभर नवऱ्याबरोबर दुकानात, संध्याकाळी पत्त्यांच्या डावाला त्याच्या समोर. मुले नोकरमाणसांच्या हाती वाढली. फ्रान्झनंतरचे दोन भाऊ तान्हेपणीच गेले. मग तीन बहिणी झाल्या : एली, वाली आणि सर्वांत धाकटी ओटला. एकुलता एक मुलगा, आणि तोही थोरला. दुकान पुढे कोण चालवणार, हा प्रश्न घरात वेगळा विचारावा लागत नव्हता.

हरमान काफ्का यांना खलनायक ठरवणे सोपे आहे आणि ते वारंवार केलेही जाते. मोठा आवाज, दणकट देह, जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना नियम आणि स्वतःला सूट, आम्ही तुमच्या वयात काय भोगले याची रोजची उजळणी. पण उपाशीपोटी वर आलेल्या माणसाला आपला मुलगा रात्र-रात्र जागून कागद खरडतो याचा अर्थ लागला नाही, तर त्यात फार नवल नाही. मुलाने छापून आलेले पुस्तक आणून दिले, की ते पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवून द्या, एवढेच ते सांगत.

दुपारी दोनला सुटणारी नोकरी

काफ्काने कायद्याचा अभ्यास केला आणि १९०६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पहिली नोकरी एका खासगी विमा कंपनीत होती. तिथले तास इतके लांब होते की लिहायला वेळच उरत नसे. वर्षाच्या आत त्याने ती सोडली. जुलै १९०८ मध्ये तो बोहेमियाच्या कामगार अपघात विमा संस्थेत लागला. ही निमसरकारी संस्था होती आणि वेळ होती सकाळी आठ ते दुपारी दोन. निवृत्त होईपर्यंत त्याने ही नोकरी केली.

या नोकरीला काफ्काच्या चरित्रात अनेकदा तुरुंग म्हटले जाते. स्वतः तोही तिला शिव्या घालायचा. पण कामात तो चांगला होता, हे नोंदींवरून दिसते. कारखान्यांची धोक्यानुसार वर्गवारी करायची, त्यावरून मालकांनी किती हप्ता भरायचा हे ठरायचे आणि मालक अपील करत ते लढवायचे. त्यासाठी तो उत्तर बोहेमियातल्या गिरण्या आणि कारखान्यांत फिरला. लाकूड रंधण्याच्या यंत्रांवर त्याने लिहिलेला अहवाल आजही वाचण्यासारखा आहे. जुन्या यंत्रात पाती चौकोनी दांड्यावर बसवलेली असत. दांडा फिरताना पाती आणि टेबल यांच्यात मोठी फट राही, लाकूड सरकले की कामगाराची बोटे त्यात जात आणि एका झटक्यात पेरी तुटत. गोल दांड्यात पाती झाकली जातात आणि फट लहान होते, त्यामुळे बोट गेलेच तरी वरवरची जखम होते. काफ्काने हे आकृत्यांसह समजावले आणि सुरक्षित दांडा महागही पडत नाही, हे मालकांच्या गळी उतरवायचा प्रयत्न केला. त्याच्या गोष्टींमधली थंड, नेमकी, एकही शब्द वर न चढवणारी भाषा आली कुठून, असे विचारणाऱ्याने हा अहवाल जरूर चाळावा.

तर दोनला सुटी, घरी येऊन जेवण, मग झोप, संध्याकाळी फेरफटका, घरच्यांसोबत रात्रीचे जेवण आणि दहा-अकरानंतर लेखन. सारे घर झोपल्याशिवाय लेखन शक्यच नव्हते, कारण त्याची खोली म्हणजे बैठकीची खोली आणि आई-वडिलांची झोपायची खोली यांच्यामधली वाट होती. सकाळी वडील दार ढकलून खोलीतून जात, बहिणी पलीकडून ओरडून बोलत. या गोंगाटावर त्याने एक छोटा मजकूर लिहिला आणि १९१२ मध्ये प्रागच्या एका नियतकालिकात चक्क छापून आणला. साम्साच्या फ्लॅटमध्ये ग्रेगोरच्या खोलीला इतकी दारे का आहेत, याचे उत्तर या घराच्या नकाशात सापडते.

कारखान्याचे काय झाले?

१९११ मध्ये एलीच्या नवऱ्याने अ‍ॅस्बेस्टॉसचा कारखाना काढला. काफ्का त्यात भागीदार झाला. पैसे अर्थातच वडिलांचे. दिवसा कामगारांच्या सुरक्षिततेचे काम करणारा माणूस अशा रीतीने कारखान्याचा एक मालक बनला. अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांचे काय करते, हे तेव्हा सर्वसामान्यांना माहीत नव्हते.

कारखाना नीट चालेना. वडिलांचे म्हणणे सरळ होते : दुपारी मोकळा असतोस, तर जाऊन लक्ष घाल. १९१२ च्या ऑक्टोबरात जावई धंद्याच्या कामाने बाहेरगावी गेले, तेव्हा हा आग्रह रोजचा झाला. त्याच वेळी काफ्काच्या हातून पहिल्यांदा मनासारखे लिहिले जात होते. २२ सप्टेंबरच्या रात्री दहा ते पहाटे सहा अशा एका बैठकीत त्याने ‘द जजमेंट’ ही कथा संपवली होती. तिच्यात म्हातारा बाप मुलाला बुडून मरण्याची शिक्षा फर्मावतो आणि मुलगा ती निमूट अमलात आणतो. आता कुठे सापडलेली ही लय दुपारच्या कारखान्यात गमवायची, या कल्पनेने तो सैरभैर झाला. मित्र मॅक्स ब्रोड याला त्याने रात्री एक लांब पत्र लिहिले. खिडकीतून उडी मारावी असे वाटले, पण मेलो तर लेखनात जो खंड पडेल तो जिवंत राहण्यापेक्षाही मोठा असेल, असा हिशेब त्यात होता.

या पत्रातली एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. आई-वडील काय म्हणतात याची काफ्काला सवय होती. या वेळी ओटलानेही त्यांची बाजू घेतली होती. घरात त्याला समजून घेणारी एकच व्यक्ती, ती एकोणीस वर्षांची धाकटी बहीण, तीसुद्धा म्हणाली की तू कारखान्यात जायला हवेस.

ब्रोड घाबरला आणि त्याने थेट काफ्काच्या आईला कळवले. आईने जे केले ते आपल्याकडच्या कितीतरी घरांत रोज घडते. नवऱ्याची तब्येत बरी नाही, त्यांना त्रास नको, म्हणून फ्रान्झ कारखान्यात जातो आहे असेच त्यांना सांगायचे तिने ठरवले आणि दरम्यान दुसरी व्यवस्था शोधू लागली.

१७ नोव्हेंबर १९१२, रविवार. फेलिस बाउअर या बर्लिनमधल्या मैत्रिणीच्या पत्राची वाट पाहत काफ्का अंथरुणातच पडून होता. तिथे त्याला ‘मेटामॉर्फोसिस’ सुचली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती पूर्ण झाली. मध्ये ऑफिसच्या कामासाठी दौऱ्यावर जावे लागले, त्याने शेवट बिघडला ही तक्रार त्याने पुढे कायम केली.

आता दोन घरे शेजारी ठेवून पाहिली, की एक मोठा फरक डोळ्यांत भरतो. काफ्काच्या घराला त्याच्या पगाराची गरज नव्हती. दुकान जोरात होते, घरात मोलकरीण होती. त्याच्याकडून मागितले जात होते ते त्याचे तास आणि त्याचे तिथे असणे. गोष्टीत मात्र त्याने घर कर्जबाजारी केले आणि सगळा भार मुलाच्या खांद्यावर टाकला. म्हणजे कर्तव्य नाकारणाऱ्या मुलाची गोष्ट त्याने लिहिलीच नाही. कर्तव्य तंतोतंत पाळणारा मुलगा घेतला, त्याचे कमावणे एका रात्रीत बंद केले आणि मागे काय उरते ते पाहत राहिला. ही परकेपणाची गोष्ट आहे असे पाठ्यपुस्तके सांगतात. पण ग्रेगोर घरापासून मनाने तुटलेला कधीच नसतो. मरताना तो घरच्यांचा विचार प्रेमाने करतो, आणि त्यामुळेच गोष्ट सहन होत नाही.

किडाच का?

मूळ जर्मन शब्दाचा अर्थ झुरळ असा नाही. घरात नकोसा, उपद्रवी जीव असा काहीसा तो मोघम शब्द आहे. प्रकाशकाने चित्र काढून घ्यायचे ठरवले, तेव्हा किडा दाखवू नका, अगदी दुरूनही नको, असे काफ्काने कळवले. १९१५ मध्ये पुस्तक आले तेव्हा मुखपृष्ठावर तोंड झाकून उघड्या दारापासून दूर जाणारा माणूस होता.

हा शब्द काफ्काने आणखी एका ठिकाणी वापरला आहे. १९१९ मध्ये युली वोहरिझेक या तरुणीशी त्याने लग्न ठरवले. तिचे वडील चांभारकाम करत आणि सिनेगॉगमध्ये सेवक होते. हरमान यांनी कडाडून विरोध केला. लग्न मोडले. त्या नोव्हेंबरात काफ्काने वडिलांना पत्र लिहिले, हाताने लिहिलेली शंभरहून अधिक पाने. लहानपणी रात्री पाण्यासाठी रडल्यावर वडिलांनी उचलून बाहेरच्या गॅलरीत उभे केले होते, ती आठवण त्यात आहे. पोहायला जाताना कपडे बदलायच्या खोलीत वडिलांच्या दणकट शरीराशेजारी स्वतःच्या हाडकुळ्या देहाची वाटलेली लाज आहे. आणि यित्झाक लोवी या यिडिश नटाबद्दलही आहे. १९११ च्या हिवाळ्यात प्रागला आलेल्या फिरत्या नाटक कंपनीतला हा नट काफ्काचा जवळचा मित्र झाला होता. वडिलांनी त्याला न ओळखताच किड्याची उपमा दिली होती. शब्द तोच.

पत्राच्या शेवटी काफ्काने वकिलाला शोभेल अशी गोष्ट केली. वडिलांच्या वतीने उत्तरही स्वतःच लिहिले. ते कल्पित वडील मुलाला सुनावतात, की तू सगळा दोष माझ्यावर टाकतोस आणि माझ्याच जिवावर जगतोस, तुझी लढाई रक्त पिणाऱ्या किड्याची आहे. पुन्हा तोच शब्द. बापाची बाजू बापापेक्षा धारदारपणे मांडणारा असा फिर्यादी क्वचितच सापडेल.

ब्रोडच्या सांगण्यानुसार हे पत्र वडिलांना देण्यासाठी काफ्काने आईकडे दिले. तिने ते पोहोचवले नाही, परत आणून दिले. वडिलांनी ते कधीच वाचले नाही.

लग्न, आजार आणि ओटला

फेलिसशी त्याचा साखरपुडा दोनदा झाला आणि दोनदा मोडला. पाचशेहून अधिक पत्रे मागे राहिली. संसार थाटणे म्हणजे माणूस म्हणून पूर्ण होणे, असे काफ्का मनापासून मानत होता. संसार थाटला तर लेखन संपेल हेही तितक्याच मनापासून मानत होता. फेलिसच्या आयुष्याची पाच वर्षे या दोन मतांच्या मध्ये गेली, आणि त्याचा जाब त्याला विचारायला हवा. चरित्रकार तिला फार लवकर बाजूला सारतात.

ऑगस्ट १९१७ मध्ये एका रात्री त्याच्या तोंडातून रक्त आले. क्षयाचे निदान झाले. सुटी काढून तो झ्युराऊ या खेड्यात गेला. तिथे शेत सांभाळत होती ओटला. तिने वडिलांचे दुकान सोडले होते. कारखान्यावरून आई-वडिलांची बाजू घेणारी बहीण पाच वर्षांत स्वतःच घराबाहेर पडली होती. १९२० मध्ये तिने घरच्यांची नाराजी पत्करून एका चेक ख्रिश्चन तरुणाशी लग्न केले, तेव्हा भाऊ तिच्या पाठीशी होता. कारखाना १९१७ मध्येच बंद झाला होता.

१९२२ मध्ये तो नोकरीतून निवृत्त झाला. १९२३ च्या सप्टेंबरात चाळिशीत पोहोचलेला काफ्का आई-वडिलांचे घर सोडून डोरा डायमंट हिच्यासोबत बर्लिनला राहायला गेला. जर्मनीत तेव्हा महागाईने पैशाला किंमत उरली नव्हती, निवृत्तिवेतन पुरत नव्हते. प्रागहून घरचे लोण्याचे डबे पाठवत. मार्चमध्ये प्रकृती ढासळली आणि त्याला परत आणावे लागले.

मराठीत या वाटेने गेलेले ठळक नाव विलास सारंग यांचे. मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहिणाऱ्या सारंगांच्या कथांची चर्चा काफ्काचे नाव घेतल्याशिवाय सहसा होत नाही. मात्र त्यांचा एकटा माणूस बहुधा शहरात एकटा असतो. भरल्या घरात, जेवणाची ताटे वाजत असताना एकटा पडलेला कमावता मुलगा हे काफ्काचे खास क्षेत्र. एकत्र कुटुंबाचा अनुभव असलेल्या वाचकाला ही गोष्ट कोणाच्या मदतीशिवाय कळते, ती त्यामुळेच.

शेवटचे पत्र

व्हिएन्नाजवळच्या किअरलिंग इथल्या आरोग्यधामात १९२४ च्या वसंतात काफ्काचा क्षय घशात उतरला होता. गिळता येत नव्हते, बोलायला मनाई होती, तो चिठ्ठ्या लिहून बोलत असे. त्या अवस्थेत तो ज्या पुस्तकाची मुद्रिते तपासत होता, त्याचे नाव ‘अ हंगर आर्टिस्ट’. अप्रकाशित कागद जाळून टाक असे त्याने ब्रोडला लिहून ठेवले होते. ब्रोडने ते मानले नाही. ‘द ट्रायल’, ‘द कॅसल’ आणि ‘अमेरिका’ या कादंबऱ्या त्यामुळे १९२५ ते १९२७ या काळात बाहेर आल्या.

आई-वडिलांना भेटायला यायचे होते. २ जूनला काफ्काने त्यांना लांब पत्र लिहायला घेतले. सूर हसराखेळता होता, पण मुद्दा एकच : आत्ता येऊ नका. त्यात त्याने वडिलांसोबत लहानपणी पोहायला गेल्यावर घेतलेल्या बिअरची आठवण काढली. पाच वर्षांपूर्वीच्या पत्रात पोहण्याच्या आठवणीत लाज होती, या पत्रात ती नव्हती. पत्र त्याच्या हातून पूर्ण झाले नाही. दुसऱ्या दिवशी, ३ जून १९२४ ला तो गेला. वय ४०.

प्रागच्या नव्या ज्यू दफनभूमीत त्याला पुरले. वडील १९३१ मध्ये गेले, आई १९३४ मध्ये. दोघेही त्याच थडग्यात आहेत, एकाच दगडावर तिघांची नावे, वरचे नाव मुलाचे. पायथ्याशी एक पाटी आहे, ती तिन्ही बहिणींच्या स्मरणार्थ. त्यांची थडगी नाहीत. एली आणि वाली यांना १९४१ मध्ये नाझींनी वुच इथल्या ज्यू वस्तीत नेऊन कोंडले, तिथून त्या परतल्या नाहीत. ओटला तेरेझिनच्या छळछावणीत होती. ऑक्टोबर १९४३ मध्ये बियालिस्टॉकहून आणलेल्या बाराशेच्या आसपास मुलांना दुसरीकडे हलवायचे ठरले, तेव्हा त्यांना सांभाळायला सोबत जाणाऱ्यांत तिने स्वतःहून नाव दिले. ती गाडी आउशवित्झला गेली.